धुडकू नानांची ट्यूबपट्टी

असोद्याला आमचं सव्वादोन एकर वावर आहे. त्यात केळीच्या बासष्ट ओळी आहेत, आणि सतराव्या ओळीत, मेन लाईनपासून नऊ पावलांवर, ठिबकच्या नळीला सायकलच्या ट्यूबची एक काळी पट्टी बांधलेली आहे. तिला सहा वर्षं झाली. मागच्या वर्षी आम्ही सगळ्या नळ्या बदलल्या. नव्या नळ्या टाकणारा म्हणाला, ही पण काढून टाकू. मी ती एक ओळ तशीच ठेवायला सांगितली. त्या गाठीतून आजवर एक थेंब गळालेला नाही. मी दर रविवारी बोट लावून पाहतो.

ती गाठ धुडकू नानांनी मारलेली आहे.

नाना मूळचे शिंदखेड्याकडचे. ठिबकच्या कामासाठी तिशीत जळगावकडे आले आणि मेहरूणला आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिले. तीस वर्षांत इकडची बोली त्यांच्या जिभेला लागली नाही. 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' शेवटपर्यंत तसंच राहिलं. अंगानं काटक, उंची माझ्यापेक्षा चार बोटं कमी, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी प्रेशर गेज. डाव्या मनगटावर ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, एकावर एक, बांगड्यांसारख्या. मी एकदा मोजल्या होत्या, अकरा होत्या. बायका हसायच्या. नाना म्हणायचे, "हसा. तुमन्या बांगड्या फुटतस, मन्ह्या ताणातस."

मी विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायच्या सरकारी खात्यात आहे. ठरवून दिलेल्या विहिरीत टेप सोडायचा, ओल कुठवर आली ते पाहायचं, वहीत लिहायचं. सव्वीस वर्षं मी हेच करतो. नानांना याची फार गंमत वाटे.

"भाऊ, तुमी इतला वरीस मोजी राह्यनात. ईतभर तरी पानी वाढनं का?"

"मोजल्यानं वाढत नाही, नाना. किती आहे ते कळतं."

"ते तं बादलीबी सांगस."

सतराव्या ओळीची गोष्ट अशी. नळी फुटली होती आणि नाना यायला वेळ होता. मी नळीखाली मापाचा मग धरला, घड्याळ लावलं. मिनिटाला चारशे मिलिलिटर, म्हणजे तासाला चोवीस लिटर. मी ते वहीत लिहीत असताना नाना बांधावरून आले, खाली बसले, आणि फुटलेल्या जागी अंगठा दाबून माझ्याकडे बघत राहिले.

"भाऊ, मोजनं मंग. आधी बोट ठेवा."

मग मनगटावरची पट्टी ओढून काढली, दातात धरून ताणली, सात वेढे दिले आणि शेवट आत खोचला. मला वाटलं काम झालं. नाना उठून पाण्याच्या वाटेनं पुढे चालू लागले, फिल्टरच्या टाकीपाशी; आमच्या पहिल्या वीस ओळी फिल्टरच्या अलीकडून जोडलेल्या आहेत. तिथे खिशातलं गेज लावलं.

"गळती तठे व्हती, पन रोग आठे शे," ते म्हणाले. "फिल्टर चोक व्हयेल शे. पानीले पुढे जावाले वाट नही. मंग ते मांगे जोर करस. जठे नळी पातळ, तठे फुटस. तुमी नळीले शिव्या देतस. नळीना काय गुन्हा?"

फिल्टर धुतला, मग दोन्ही कामं पुरी झाली असं त्यांनी मानलं. हा त्यांचा नियम होता. दुसरा नियम अभिमानाचा होता: "मन्ही गाठ दुसरांदा पाहानी नही." एकदा बांधलेल्या गाठीकडे ते परत जात नसत. कोणी म्हटलंच, की नाना, जरा बघून घ्या, तर चहाची बशी खाली ठेवून निघून जात.

आणखी एक सवय. वावरात मोटर एका टोकाला आणि नाना दुसऱ्या टोकाला असत. हात सरळ वर करून मूठ फिरवली, की मोटर चालू करायची. दोन्ही हात खाली झटकले, की बंद. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला तरी नानांनी हे सोडलं नाही. "फोनवर मानूस पह्यले काय काय म्हनी इचारस. हात दखाना, का त्याना हात सरळ स्टार्टरवर जास." खरंच तसं होई. त्यांचा हात वर गेला, की मी नकळत स्टार्टरकडे वळलेला असे.

नानांनी आयुष्यात दारू घेतली नाही. हे मी इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे लोक वेगळं बोलले. त्यांना दहा वर्षांपासून साखर होती आणि पोटावर थोडी चरबी, एवढंच. एका पावसाळ्यात ताप आला तेव्हा रक्त तपासलं. प्लेटलेट चौऱ्याहत्तर हजार. सगळे म्हणाले डेंग्यू. जिजींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पपईच्या पानांचा रस पाजला. ताप उतरला. नंतर महिन्यानं पुन्हा तपासलं तेव्हा शहात्तर हजार होते. तो कागद मी माझ्या हातांनी घडी घालून जिजींकडे दिला. ताप नसताना हा आकडा का वर येत नाही, हा प्रश्न माझ्यासारख्या माणसाला पडायला हवा होता. पडला नाही. यकृत कडक झालं की प्लीहा फुगते आणि प्लेटलेट अडवून धरते, हे मला दीड वर्षानं कळलं, धुळ्याला.

धुळ्याला देवपुरात नानांची मुलगी मंगल राहते. नाना आणि जिजी तिच्याकडे गेले होते. सकाळी न्याहारी केली, हात धुवायला उठले आणि मोरीत रक्ताची उलटी झाली. मंगल सांगत होती की आधी तिला बीट वाटलं. मग आठवलं, की घरात बीट नव्हतंच. रिक्षातून नेईपर्यंत दुसरी उलटी झाली. जिजींचा फोन आला तेव्हा त्या एवढंच बोलल्या, "भाऊ, उष्णता बाहेर पडनी. ठेचा खायेल व्हता." मी बस पकडून धुळ्याला गेलो.

नाना कॉटवर होते, पांढरे पडलेले, हाताला सलाईन. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक एक. रक्ताची एक पिशवी चालू होती. मी डॉक्टरमॅडमना विचारलं, की नेहमी बारा असतं तर बारापर्यंत का भरत नाही, रक्त मी मिळवून देतो.

"सात-आठपर्यंतच न्यायचं," त्या म्हणाल्या. "जास्त भरलं तर दाब वाढेल आणि तीच जागा पुन्हा फुटेल."

मला हे पटेना. कमी असलेला आकडा पुरा करू नये, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. कॉटवरून नानांचा आवाज आला, अगदी बारीक.

"भाऊ, फुटेल लाईनवर कोनी फुल प्रेशर सोडस का?"

मॅडमनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. तिथून पुढे त्या आमच्याशी नाही, नानांशीच बोलल्या. साखरेनं आणि चरबीनं यकृत घट्ट होत गेलंय. पोटातून, आतड्यांकडून येणारं रक्त त्यातून पुढे जायला हवं, ते जात नाही. मागे दाब चढतो. मग रक्त आडवाटा शोधतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला बारीक शिरा असतात, त्यांतून वर जायला बघतं. त्या शिरा एवढं रक्त वाहण्यासाठी नसतात. फुगतात, पातळ होतात. त्यांतली एक फुटली.

"म्हंजे फिल्टर चोक," नाना म्हणाले.

"हो. फिल्टर चोक."

"मंग आते काय करशात?"

"शिरांना रबराच्या रिंगा घालणार. दुर्बिणीतून शीर आत ओढून घ्यायची आणि वर रिंग सोडायची. ती आवळून बसते. काही दिवसांत शीर सुकते."

नानांनी डावा हात उचलला. पट्ट्या सिस्टरनी काढून ठेवल्या होत्या. मनगटावर तेवढा भाग फिका होता. तो मॅडमपुढे धरून ते म्हणाले, "डॉक्टरीनबाई, मन्हा धंदा तुमले कोनी शिकाडा?"

त्या दिवशी पाच रिंगा बसल्या. त्या आठवड्यात नानांनी वॉर्डातल्या प्रत्येकाला सांगितलं, की दवाखान्यातही शेवटी ट्यूबपट्टीच लागते.

सुटी देताना मॅडमनी जे सांगितलं ते मला शब्दशः आठवतं. "नाना, मी गाठ मारली, पण तुमचा फिल्टर अजून चोकच आहे. मागचा दाब गेलेला नाही. म्हणून दोन गोष्टी. एक, ठरल्या तारखेला पुन्हा दुर्बीण, शिरा सपाट होईपर्यंत, आणि सपाट झाल्या तरी अधूनमधून. नव्या शिरा फुगतात. दुसरं, ही गोळी रोज. हिनं आतला दाब उतरतो. नाडी पंचावन्न ते साठच्या मध्ये हवी. पन्नासच्या खाली गेली किंवा चक्कर आली तर मला फोन करायचा. पण आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून घ्यायच्या नाहीत. शी डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी यायचं."

मी वहीत लिहिलं: नाडी ५५ ते ६०. त्याला चौकट केली. पन्नासचं वाक्य लिहिलं नाही. ते लक्षात राहील असं वाटलं.

मंगलनं विचारलं, फिल्टरच बदलता येत नाही का. येतो, मॅडम म्हणाल्या, पण मोठ्या शहरात जावं लागेल, देणारं माणूस लागेल. मंगल लगेच म्हणाली, मी देते. नानांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नवा पाईपना तुकडा कापीसन जुनाले लावाना नही," एवढंच बोलले आणि चप्पल शोधू लागले.

पुढच्या दोन महिन्यांत दोनदा धुळे झालं. दुसऱ्या वेळी चार रिंगा, तिसऱ्या वेळी दोन. पाच, चार, दोन. हा उतरता क्रम पाहून मला फार बरं वाटलं होतं. तिसऱ्या वेळी मॅडम म्हणाल्या, "शिरा जवळजवळ सपाट आहेत. आता तीन महिन्यांनी पाहू." नानांनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं.

असोद्याच्या चहाच्या टपरीवर बातमी आधीच पोचली होती. लिव्हर म्हटलं की गावाला एकच कारण माहीत असतं. आम्ही दोघं बसलो होतो तेव्हा एक बागाईतदार, वयानं नानांपेक्षा लहान, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय नाना, माळ घातल्यासारखं तोंड करत होते आतापर्यंत. लपून किती क्वार्टर मारल्या?"

टपरी हसली. मी उठायला लागलो. नानांनी माझा हात धरून खाली बसवलं.

"भाऊसाहेब," ते त्या माणसाला म्हणाले, "तुमना वावरना फिल्टर मांगला उन्हायामा चोक व्हयना व्हता. काय निंघनं त्यामा?"

"क्षार. दुसरं काय?"

"त्यानी कितल्या क्वार्टर मारेल व्हत्यात?"

या वेळी टपरी जास्त हसली. पण परत येताना नाना गाडीवर मागे बसले, खिशातलं गेज मेहरूणपर्यंत मुठीत धरून. उतरल्यावर म्हणाले, "जिजीले सांगू नका. तिले खरंच वाटी, का मी पेस."

नाडी मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण नानांना सेकंदकाटा दिसत नसे. रोज सकाळी सातला मेहरूण तलावाच्या काठावर, फिरून झाल्यावर, बाकावर बसायचं. नाना मनगटावरच्या पट्ट्या कोपराकडे सरकवत आणि हात माझ्या मांडीवर ठेवत. मी पुरे साठ सेकंद मोजत असे. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं मला आवडत नाही, त्यात तीन-चारचा फरक राहतो. मोजून झालं की नाना विचारत, "कितलं?" मी सांगे. ते गेज वाचल्यासारखी मान हलवत. अठ्ठावन्न. सत्तावन्न. साठ. छप्पन्न. वहीत पहिल्या साडेचार महिन्यांच्या नोंदी आहेत, त्यांत एकही खाडा नाही.

मार्चअखेरीला एका सकाळी चोपन्न भरली. मी पुन्हा मोजली. चोपन्नच.

"कितलं?"

"चोपन्न."

"बाईनी कितलं सांगेल व्हतं?"

मी वही काढली. चौकट दाखवली. "पंचावन्न ते साठ."

"म्हंजे?"

"एकनं कमी आहे."

मला आजही तो क्षण जसाच्या तसा दिसतो. काठावर एक माणूस म्हैस धूत होता. मी आकडा खरा सांगितला होता. वजाबाकी बरोबर होती. पन्नासचं वाक्य वहीत नव्हतं, म्हणून डोळ्यांपुढे आलं नाही. एक ठोका कमी असण्यानं काही बिघडत नाही, नाडी नेमकी इथेच हवी आहे, गोळी आपलं काम करते आहे, हे मी म्हणालो नाही. मी वही मिटली.

नानांनी कोपराकडच्या पट्ट्या परत मनगटावर ओढल्या. मग म्हणाले, "व्होल्टेज कमी शे."

मला वाटलं विनोद केला. मी हसलोसुद्धा.

आमच्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं. मीटरचा काटा खाली असताना मोटर चालवली, तर ती घुमते, तापते आणि जळते. हे शेतकऱ्याच्या घरातल्या शाळकरी पोरीलाही माहीत असतं. व्होल्टेज कमी दिसलं की पहिलं काम म्हणजे मोटर जळू नये अशी तजवीज करायची. नानांनी तीस वर्षांत शेकडो मोटरी अशा वाचवल्या होत्या. त्या सकाळी त्यांनी आपलीही वाचवली. गोळी मोटर मंद करते, आकडा खालच्या हद्दीच्याही खाली गेला, म्हणजे आता गोळीच मोटर जाळणार. शिरा तर सपाट झाल्याच होत्या, गाठ बसली होती. त्यांनी गोळ्यांची पट्टी शर्टाच्या खिशात, गेजच्या मागे ठेवून दिली. कुणाला सांगितलं नाही. दुरुस्ती करताना ते कधी कुणाला सांगत नसत.

त्याच आठवड्यात माझा उन्हाळी दौरा निघाला. चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरी, नंतर यावलकडच्या. सोळा दिवस. जाताना मी जिजींना सांगितलं की नाडी शेजारच्या कुणाकडून तरी मोजून घ्या. त्या म्हणाल्या, तुमच्याशिवाय ते कुणाच्या हातात हात देत नाहीत. एप्रिलमध्ये धुळ्याची तारीख होती. मी फोनवर आठवण केली. नाना म्हणाले, "केळीले एक दिवसना खाडा पडना तं घड काळा पडस. एवढा हप्ता जावू द्या." ऊन बेचाळीसच्या पुढे होतं. लोकांच्या नळ्या फुटत होत्या आणि सगळे नानांनाच बोलवत होते. मी पण फार ताणलं नाही. पाच, चार, दोन हा क्रम माझ्याही डोक्यात होता.

दौऱ्यावरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तलावावर भेटलो. नाना उन्हानं काळवंडले होते, पण चालणं झपझप होतं. बाकावर बसून हात दिला. मी मोजली. अठ्ठ्याहत्तर.

पुन्हा मोजली. अठ्ठ्याहत्तर.

"कितलं?"

मी आकडा सांगितला. त्यांनी समाधानानं मान हलवली. "आते मोटर बराबर चाली राह्यनी."

"नाना, गोळी?"

त्यांनी खिशातून पट्टी काढून माझ्या हातात दिली. जेवढ्या असाव्यात त्यापेक्षा एकोणीस जास्त होत्या.

मी त्यांच्यावर कधी ओरडलो नव्हतो. त्या दिवशी ओरडलो. म्हैसवाला थांबून बघायला लागला. नाना शांतपणे ऐकत होते आणि मग म्हणाले, "तुमीच सांगेल व्हतं ना, भाऊ. एकनं कमी शे."

मी तिथूनच धुळ्याला फोन लावला. मॅडम म्हणाल्या, गोळी आजच परत सुरू करा, आणि उद्या सकाळी घेऊन या, दुर्बीण करू. मग विचारलं, शी काळी होतेय का? मी नानांना विचारलं. नाना म्हणाले, "नही." मी मॅडमना नाही म्हणून सांगितलं. नाना त्या वेळी तलावाकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

"उद्या सकाळी निघायचं," मी म्हणालो.

"एक गाठ राह्यनी शे. असोदाले. त्या मानूसले शब्द देयेल शे. आठला जास, अकरा वाजता निंघू."

मी हो म्हणालो. ही नोंद माझ्या वहीत नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ चाळीसला फोन आला. वावराच्या मालकाचा होता, त्याला धड बोलता येत नव्हतं. मी पोचलो तेव्हा नाना केळीच्या दोन ओळींच्या मधे उकिडवे बसले होते, एक हात मेन लाईनवर. समोरची माती लाल होती आणि नळीतून ठिबकणारं पाणी ती हळूहळू पसरवत होतं. गाठ मारून झालेली होती. सात वेढे.

जळगावच्या दवाखान्यात वेळ घालवला नाही कुणी. दाब उतरवायचं इंजेक्शन लावलं, रक्त लावलं. पण दुर्बिणीचे डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी होते. तिथले डॉक्टर म्हणाले, इथे थांबवून ठेवता येईल पण बांधता येणार नाही, धुळ्याला मॅडमशी बोललोय, त्या तयार आहेत. रक्ताची पिशवी टांगलेली तशीच रुग्णवाहिकेत चढलो. मी, जिजी आणि नाना. जळगाव ते धुळे नव्वद किलोमीटर आहे. मी तो रस्ता शेकडो वेळा केला आहे. एवढा लांब तो कधी नव्हता.

पाळधीच्या पुढे जिजी एकदम बोलल्या. "दोन दिस व्हयनात भाऊ, शी काळी व्हई राह्यनी व्हती. म्हनेत, लोखंडनी गोळी शे, तिन्हा रंग शे. मलेबी तसंच वाटनं." लोहाच्या गोळ्या खरंच चालू होत्या, आणि त्यांनीही शी काळी होते. जिजी माझ्याकडे असं बघत होत्या, की मी काहीतरी हिशेब करून सांगेन की चूक त्यांची नाही. मी म्हणालो, "जिजी, तुमची चूक नाही." ते खरं होतं. पण ज्याची होती त्याचं नाव मी घेतलं नाही.

मी नाडी धरली होती. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून मोजत होतो. एरंडोलला एकशे चौदा. पारोळ्याच्या अलीकडे आणखी एक उलटी झाली, जिजींनी घरून आणलेली परात धरली. पारोळ्याला एकशे अठ्ठावीस, आणि बोटांखाली ठोका दोऱ्यासारखा बारीक. हात गार आणि ओला. नानांनी डोळे उघडले.

"कितलं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "एकशे अठ्ठावीस."

त्यांचे डोळे नळीवरून वर रक्ताच्या पिशवीपर्यंत गेले. मग ओठ हलले, मी कान जवळ नेला.

"विहीर कोरडी, नि मोटर पळी राह्यनी."

मी घड्याळाकडे बघून पुन्हा मोजायला लागलो. सतरा, अठरा, एकोणीस. नानांनी माझा हात आपल्या मनगटावरून ढकलायचा प्रयत्न केला. त्यात जोर नव्हता, पण मला कळलं.

"मोजनं मंग, भाऊ," ते म्हणाले. "आधी बोट ठेवा."

कुठे ठेवू? मी हे मोठ्यानं म्हणालो की मनात, ते मला आठवत नाही. माझे दोन्ही हात रिकामे होते. गळती त्यांच्या छातीच्या आत होती, माझ्या बोटांपासून ईतभर अंतरावर, आणि तिथवर जाणारी वाट तीस-पस्तीस किलोमीटर पुढे, एका खोलीत होती. मी नानांच्या छातीवर हात ठेवला. तो तसाच ठेवून बसलो. मुकटी गेलं, फागणं गेलं. पुढे मी एकदाही नाडी मोजली नाही.

धुळ्याच्या दवाखान्याच्या दारात मॅडम स्वतः उभ्या होत्या, हातमोजे घालून. मंगल धावत आली. स्ट्रेचर सरळ आत, लांब पॅसेजमधून दुर्बिणीच्या खोलीकडे. आम्हाला एका रेषेच्या अलीकडे थांबवलं.

नाना त्या खोलीतून जिवंत बाहेर आले नाहीत. मॅडमनी तीन रिंगा बसवल्या होत्या. चौथी बसवताना समोर रक्ताशिवाय काही दिसेनासं झालं, असं त्यांनी नंतर सांगितलं. बोलताना त्या माझ्याकडे नाही, आपल्या हातांकडे बघत होत्या.

पण मला ते नंतरचं आठवत नाही. आठवतं ते त्याआधीचं, पॅसेजच्या त्या टोकाचं. दार उघडत होतं. स्ट्रेचरवरून एक हात वर आला. सलाईनची नळी त्याबरोबर उचलली गेली. मनगटावर दोन-तीन काळ्या पट्ट्या राहिल्या होत्या. हात सरळ वर झाला आणि मूठ फिरली.

चालू करा.

मी सवयीनं मागे वळलो. मागे पांढरी भिंत होती, आणि बाकावर जिजी परात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुन्हा पुढे वळलो तोवर दार लागलं होतं.